दोन टीम, दोन वह्या, हात मात्र एकच

तुमचं मूल या वसंतात बेसबॉल खेळणार असेल आणि अधूनमधून पिचिंग करत असेल, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. गेल्या वर्षभरात त्याने एकूण किती पिच टाकल्या? अंदाज नको, आकडा हवा. त्याचा गणितातला पर्सेंटाइल तुम्हाला तोंडपाठ आहे. कुमॉनची लेव्हल माहीत आहे, पियानोची कितवी ग्रेड चालू आहे तेही माहीत आहे. पण ज्या हाताने तो लिहितो आणि वाजवतो, त्याच हाताने वर्षभरात किती वेळा जीव खाऊन चेंडू फेकला, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही सांगता आलेलं नाही. वर्षभरापूर्वी मलाही आलं नसतं, आणि मी तर टीमची वही सांभाळते.

मी बेसबॉलतज्ज्ञ नाही. जळगावला शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले. आपल्याकडे मुली शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळतात हे सांगितलं की इथल्या मराठी मंडळींना अजून नवल वाटतं. पुढे इंजिनिअरिंग, पीएच.डी., आणि आता बॉस्टनजवळ पोस्टडॉक. विषय धातूंचा थकवा. अर्ध्या तासावर ताई राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, लिटल लीग खेळतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या टीमला स्कोअर लिहिणारं कोणी मिळेना. मावशी मोकळी आहे असा घरच्यांचा समज असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. एका हातात वही, दुसऱ्या हातात चेंडू मोजायचा क्लिकर. त्या बाकावर बसून जे पाहिलं त्यावरून मी आपल्याच लोकांशी भांडायला आले आहे.

नियम सगळ्यांना माहीत आहेत असं धरून चालत नाही, कारण मैदानाच्या कडेची आरडाओरड मी ऐकते. पहिल्या बेसवर फोर्स आउट असताना "अरे टच कर, टच कर" म्हणून ओरडणारे काका आपलेच. इन्फिल्ड फ्लायला पंचाने हात वर केला की "कॅच तर घेतलाच नाही" म्हणून जाळीपाशी जाणारेही आपलेच. पंच म्हणजे बहुतेक वेळा फुकट काम करणारा कुणाचा तरी बाप, नाहीतर हायस्कूलमधलं पोरगं. त्याच्याशी वाद घालायला आपल्याला वेळ असतो, नियमांचं पुस्तक उघडायला नसतो.

तर थोडक्यात. लिटल लीग १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झाली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मैदानच छोटं करून टाकलं आहे. दोन बेसमधलं अंतर मोठ्यांच्या ९० फुटांऐवजी ६० फूट. पिचर उभा राहतो ते अंतर साठ फूट सहा इंचांऐवजी ४६ फूट. चेंडू बॅटरपर्यंत पोचल्याशिवाय रनरने बेस सोडायचा नाही. पूर्वी पिचरला इनिंगची मर्यादा असे. २००७ पासून इनिंगऐवजी चेंडू मोजतात, कारण एखादी इनिंग आठ चेंडूंत आटपते आणि एखादी चाळीस खाते. सात-आठ वर्षांच्या मुलाला एका दिवसात ५०, नऊ-दहाच्या मुलाला ७५, अकरा-बाराच्या मुलाला ८५.

बहुतेक पालक इथवर वाचतात आणि थांबतात. ८५ हा आकडा लक्षात राहतो, तोही 'इतक्या टाकायला परवानगी आहे' अशा अर्थाने. खरी गोष्ट पुढच्या ओळीत आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने २० पर्यंत पिच टाकल्या तर विश्रांतीची गरज नाही. २१ ते ३५ टाकल्या तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन. ६६ किंवा त्याहून जास्त टाकल्या तर चार पूर्ण दिवस त्याला पिचिंग बंद. शिवाय ४१ पिच टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर म्हणूनही बसवता येत नाही, कारण कॅचरसुद्धा जवळपास प्रत्येक चेंडू परत फेकत असतो.

हे चार दिवस काय आहेत ते माझ्या कामामुळे मला जरा लवकर कळायला हवं होतं. प्रयोगशाळेत आम्ही धातूच्या तुकड्यावर तोच भार पुन्हा पुन्हा देतो. तुकडा मोडतो तेव्हा शेवटचा भार पहिल्या भाराएवढाच असतो. मधल्या काळात आत भेग वाढत असते आणि बाहेरून तुकडा तसाच चकचकीत दिसतो. पोराच्या कोपरात आणि धातूत फरक इतकाच, की धातूला महिनाभर कपाटात ठेवलं तरी भेग बुजत नाही. हाड, स्नायू, लिगामेंट भरून येतात, वेळ दिला तर. म्हणजे किती पिच टाकल्या याच्याइतकंच, मध्ये किती दिवस गेले हेही मोजायला हवं.

आता मागच्या मे महिन्याची गोष्ट. ताईला आणि जिजाजींना विचारून लिहिते आहे. जिजाजी म्हणाले, "लिही, पण माझी बाजूही लिही." ती पुढे येईल.

शनिवारी सकाळी आमच्या लीगची मॅच. भाच्याने ६८ पिच टाकल्या. मी वहीत आकडा लिहिला, शेजारी 'गुरुवार' असं लिहिलं, म्हणजे गुरुवारपर्यंत पिचिंग नाही. लीगच्या दृष्टीने विषय संपला. रविवारी तो जिजाजींबरोबर पाऊण तासावरच्या गावात गेला. तिथे त्याची दुसरी टीम होती, ट्रॅव्हल टीम, आणि त्या टीमची टुर्नामेंट. तिथल्या कोचने विचारलं, "हात कसा आहे?" अकरा वर्षांच्या मुलाला सगळ्या टीमसमोर कोणी असं विचारलं तर तो काय सांगणार? "मस्त." तीन इनिंग, ५४ पिच. त्यांच्याही वहीत सगळं नियमात, कारण त्यांच्या वहीत शनिवार नव्हताच.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा माझ्यासमोर माऊंडवर उभा. माझ्या वहीप्रमाणे सहा दिवसांची विश्रांती घेऊन आलेला. रविवारचं मला माहीत होतं. ताईच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरवर दोन्ही टीमचे सामने दोन रंगांत लिहिलेले असतात, मी ते दर आठवड्याला पाहत होते. तरी मी क्लिकर दाबत बसले. माझी वही बरोबर होती ना. भाऊबंदकीत बोलायचं तर, जावयाच्या घरातल्या निर्णयात धाकट्या मेहुणीने तोंड घालू नये हेही होतंच.

असे चार शनिवार-रविवार गेले. त्याचं कोपर फेकताना खाली यायला लागलं होतं, चेंडू उंच जात होते. कोच म्हणाला, "कॉन्सन्ट्रेशन कमी पडतंय." जिजाजींनी आणखी एक पिचिंग लेसन लावलं. मग एका सकाळी तो डाव्या हाताने पोहे खाताना ताईच्या सासूबाईंना दिसला. त्या रागावल्या, उजव्या हाताने खा म्हणाल्या. तो म्हणाला, "आजी, तो हात सरळच होत नाहीये." किती दिवस? दोन आठवडे. कोणाला सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर टीममधून काढलं असतं.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून दुखण्याचं नाव सांगितलं तेव्हा ताईला आधी थट्टाच वाटली: लिटल लीग एल्बो. हे नाव १९६० पासून वैद्यकीय वाङ्मयात आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हाड अजून वाढत असतं, तिथे कूर्चेची एक पट्टी असते. मोठ्या माणसात लिगामेंट आधी हार खातं, मुलांमध्ये ही पट्टी, कारण ती लिगामेंटपेक्षा कच्ची असते. प्रत्येक जोरकस फेकीबरोबर ती ओढली जाते. उपाय एकच, फेकणं बंद. आमच्याकडे तीन महिने, म्हणजे अख्खा उन्हाळा. ज्या ऑल-स्टार टीमसाठी हा सगळा आटापिटा होता तिची निवड त्याच उन्हाळ्यात झाली.

आम्ही स्वस्तात सुटलो. मोठ्या मुलांमध्ये लिगामेंटच जातं. ते नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली डॉजर्सच्या टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली, आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तीस-बत्तिशीतल्या व्यावसायिक खेळाडूची ही शस्त्रक्रिया. अमेरिकेतल्या खासगी विम्याच्या २००७ ते २०११ च्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा त्यातल्या निम्म्याहून जास्त शस्त्रक्रिया १५ ते १९ वर्षांच्या मुलांच्या निघाल्या.

या विषयावर मराठी पालकांशी बोलायला गेलं की गाडी लगेच कर्व्हबॉलवर जाते. "आम्ही त्याला कर्व्हबॉल टाकूच देत नाही, त्यामुळे काळजी नाही." हे म्हणजे साखर बंद केली म्हणून भात दुप्पट खाण्यासारखं आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ९ ते १४ वयाच्या ४८१ पिचरांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं आणि २०११ साली निष्कर्ष छापले. वर्षाला शंभराहून जास्त इनिंग पिचिंग करणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट. तेराव्या वर्षाआधी कर्व्हबॉल सुरू केल्याने धोका वाढतो असं मात्र त्यांना सिद्ध करता आलं नाही. त्याआधी, २००६ साली, शस्त्रक्रिया झालेल्या तरुण पिचरांची निरोगी पिचरांशी तुलना केली गेली. हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता छत्तीस पट निघाली, वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांत पाच पट. कर्व्हबॉल दिसतो म्हणून त्याच्यावर बोट ठेवणं सोपं आहे. फ्रिजवरचं कॅलेंडर बघायला कोणाला नको असतं.

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल या दोघांनी मिळून २०१४ मध्ये 'पिच स्मार्ट' नावाच्या सूचना काढल्या. नऊ ते बारा वर्षांच्या मुलासाठी त्यात लिहिलंय: वर्षात किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग; बारा महिन्यांत ८० पेक्षा जास्त इनिंग पिचिंग नको; एकाच वेळी दोन टीमकडून खेळणं टाळा. पण या सूचना आहेत, पोलीस नाहीत. लीगचा नियम लीगच्या मॅचपुरता. दोन वह्या एकमेकींना भेटवणारी एकच व्यक्ती जगात असते, आणि ती म्हणजे गाडी चालवणारे आईबाप.

आता जिजाजींची बाजू. ते म्हणतात, "इथे सगळेच असं करतात. फक्त गावच्या लीगमध्ये राहिला तर हायस्कूलच्या टीममध्ये जागा मिळत नाही. आणि आपल्या मुलाला पहिल्या दिवशी नाव वाचूनच राइट फील्डला उभं करतात. त्याला दुप्पट करून दाखवावं लागतं." यातलं काहीच खोटं नाही. राइट फील्डचं तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण दुप्पट काय करायचं हे तरी आपण ठरवू शकतो. दुप्पट फेकणं सोडून बाकी काहीही दुप्पट करता येतं. 'सगळेच करतात' म्हणाल, तर जपानकडे बघा. तिथल्या कोशिएन या शालेय स्पर्धेत १९९८ साली दाइसुके मात्सुझाकाने एका मॅचमध्ये १७ इनिंग टाकल्या, २५० पिच, आणि सगळ्या देशाने त्याला डोक्यावर घेतलं. हात झिजवण्यालाच चारित्र्य मानणाऱ्या त्या परंपरेनेसुद्धा २०२० पासून आठवड्याला ५०० पिचची मर्यादा घातली. जपानी मंडळी मागे हटली, आपण कोणाची परंपरा पुढे चालवतो आहोत?

मला उत्तर माहीत आहे. ही परंपरा बेसबॉलची नाहीच, ती आपण बॅगेतून आणली. चौथीची स्कॉलरशिप, मग प्रज्ञाशोध, मग अकरावी-बारावीचे क्लास, सुट्टीत पुढच्या वर्षाचा पोर्शन. आपण बहुतेक जण त्याच चरकातून निघून इथे पोचलो, मीही. त्यामुळे तो चरक चांगला, अशी आपली खात्री आहे. लातूर पॅटर्न आपण आता माऊंडवर आणला आहे: एप्रिल ते जून लीग, जुलै-ऑगस्ट ट्रॅव्हल, सप्टेंबर-ऑक्टोबर फॉल बॉल, हिवाळाभर इनडोअर पिचिंग लेसन. पण प्रमेय जास्त वेळा सोडवलं तर मेंदूची कूर्चा फाटत नाही. अभ्यासात जे आपल्याला लागू पडलं ते अकरा वर्षांच्या कोपराला लागू करणं ही निव्वळ गणिताची चूक आहे, आणि गणितात आपण हुशार म्हणवतो.

कोणाला कॉलेजची शिष्यवृत्ती दिसत असेल तर तेही मोजून टाकू. २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत, कित्येक वर्षं, डिव्हिजन वनच्या एका बेसबॉल टीमला ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या दोन-अडीच डझन मुलांत तुकडे करून वाटायच्या. नव्या नियमांत जी कॉलेजं सामील झाली ती ३४ च्या टीमला जास्त देऊ शकतात, पण देतीलच असं बंधन नाही. ट्रॅव्हल टीमची फी, हॉटेलं, लेसन आणि शनिवार-रविवारचं पेट्रोल एका कागदावर लिहून पाहा. जिजाजींनी लिहून पाहिलं. तो कागद त्यांनी मला दाखवला नाही.

मग कोचिंगमध्ये करायचं काय? भरपूर काही, आणि त्यातलं बहुतेक फुकट. आपल्या टीमच्या सरावात पिचिंग सोडून किती शिकवतात ते एकदा उभं राहून बघा. घरंगळत येणाऱ्या चेंडूला पाय हलवून समोर जाणं, ग्लोव्ह जमिनीला लावून खालून वर येणं, दुसरा हात झाकणासारखा वर ठेवणं. उंच उडालेल्या चेंडूसाठी आधी एक पाऊल मागे घेणं. बेस धावताना पहिल्या बेसच्या आधी बाहेर वळसा घेणं. आउटफील्डमधून आलेली फेक मध्ये कोणी अडवायची, आणि ज्याच्याकडे चेंडू येणार नाही त्याने कोणाच्या मागे जाऊन उभं राहायचं. ही शेवटची गोष्ट आपली मुलं झटकन शिकतात, कारण ती डोक्याची आहे. चेंडू हाताने घरंगळत सोडला तर या सरावाला फेकावंही लागत नाही. पिचिंगच शिकवायचं तर दुसरी पिच म्हणून चेंजअप शिकवा. हात फास्टबॉलसारखाच फिरतो, चेंडू मात्र हळू येतो आणि बॅटर आधीच फिरून मोकळा होतो.

क्रिकेटवाल्या बाबांना एक विनंती. तुमचं प्रेम समजतं. पण "स्ट्रेट बॅट, स्ट्रेट बॅट" ओरडू नका, इथे स्टंप वाचवायचे नाहीत. "बॉलिंगसारखंच आहे" असंही सांगू नका. बॉलिंगमध्ये कोपर वाकलेलं असलं तर ते सरळ करायला बंदी असते. इथे वाकवलेलं कोपर झटक्याने सरळ करण्यातच वेग आहे आणि त्यातच धोका आहे. त्यापेक्षा तुम्हाला येतं ते द्या. उंच कॅच खाली कसं उभं राहायचं हे ज्याने गल्लीत गच्चीवरून आलेले कॅच घेतले आहेत त्याच्याइतकं कोण शिकवेल?

आणि राइट फील्डमध्ये उभ्या असलेल्या मुलाबद्दल. लिटल लीगमध्ये नियमित सीझनच्या प्रत्येक मॅचमध्ये टीममधल्या प्रत्येक मुलाला किमान सहा आउट होईपर्यंत फील्डिंग आणि एकदा तरी बॅटिंग मिळालीच पाहिजे. आपल्याकडे लहान किंवा कच्च्या मुलाला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तो खेळतो, पण धरत नाहीत. इथला नियम म्हणतो, प्रत्येकाला धरायचं. हाच नियम पिचरलाही वाचवतो, हे कोणी लक्षात घेत नाही. तीन-चार मुलांना पिचिंग शिकवलेलं असेल तर एकावर ८५ ची पाळी येत नाही. आमचा कोच नेहमी भाच्यालाच का उभं करायचा? कारण बाकीच्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. आणि आम्हाला ते आवडत होतं. आमचा मुलगा 'एस' आहे म्हणून आम्ही फोटो काढत होतो.

भाच्याने सप्टेंबरमध्ये पुन्हा हळूहळू फेकायला सुरुवात केली, आधी तीस फुटांवरून, दिवसाआड. फॉल बॉल खेळला नाही, मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळला. यंदा एकच टीम आहे. कोणती ठेवायची हे त्यानेच ठरवलं, गावातली, कारण शाळेतले मित्र तिथे आहेत. जिजाजी दोन दिवस बोलले नाहीत, मग त्यांनी ट्रॅव्हल टीमला ईमेल पाठवली. मी वहीच्या शेवटच्या पानावर एक वेगळा तक्ता आखला आहे. त्यात लीगच्या मॅचच नाहीत, लेसन, अंगणातला सराव, चुलतभावाबरोबर पार्कमध्ये टाकलेल्या पिचसुद्धा लिहायच्या. ते लिहायचं काम त्याचं. पहिल्या आठवड्यात त्याने खोटा आकडा लिहिला, वीस कमी. मी काही बोलले नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने खोडून नवा लिहिला.

बऱ्याच लीगची नावनोंदणी जानेवारीत सुरू होते. त्या फॉर्ममध्ये खाली 'व्हॉलंटियर' असा रकाना असतो, आणि आपण तो रिकामा सोडून पुढच्या पानावर जातो. यंदा सोडू नका. पिच काउंट लिहायला दर मॅचला एक माणूस लागतो, आणि त्याने आकडा भरला की पंचाला सांगायचं असतं. वीस डॉलरच्या आतला क्लिकर आणि दोन तास, एवढंच लागतं. खुर्ची, थर्मास आणि मफलर न्या, एप्रिलमध्ये त्या बाकावर भयंकर थंडी असते. आणि समोर उभ्या पोराची दुसरीकडेही वही आहे असं माहीत असेल, तर क्लिकर दाबण्याआधी त्याच्या आईबापाला जाऊन विचारा. मेहुणी असलात तरी विचारा.